न घेतलेली माघार

त्या बाईंचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही लगेच फोन काढाल, नाव टाकाल, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात आधी काय शोधाल तेही मला ठाऊक आहे. आयुष्यभर हाच अनुभव घेतलाय मी. नागपुरात एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी मी विषय निवडला होता: विसाव्या शतकाच्या मध्यावर ब्रिटिश सरकारात मंत्री झालेली एक बाई आणि तिची राजकीय कारकीर्द. विभागप्रमुखांनी कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "लग्न झालं होतं का हिचं?" घरी मावशीने तेच विचारलं. मला बघायला पुण्याहून जी मंडळी आली, म्हणजे आता माझ्या सासरची जी मंडळी आहेत, त्यांनीही पोह्यांच्या बशा हातात धरून तेच विचारलं. मी "नव्हतं" म्हटलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच समाधान उमटायचं, "हां, म्हणून!"

म्हणून काय? त्या बाईंनी वयाच्या चौदाव्या वर्षी कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायला सुरुवात केली. दुकानात काम करणाऱ्या मुलींना दिवसभर बसायची परवानगी नव्हती, गिऱ्हाईक नसलं तरी. बसायला स्टूल मिळावं म्हणून त्या पहिल्यांदा भांडल्या, मग युनियनमध्ये गेल्या, मग रात्रशाळेत मजुरीचे कायदे शिकल्या. युद्धानंतरच्या निवडणुकीत खासदार झाल्या. पगार, कामाचे तास, कारखान्यांचे नियम हे त्यांना तोंडपाठ होतं. पक्षातले मोठमोठे पुरुष भाषणाआधी त्यांच्याकडे येऊन आकडे विचारून जायचे. आणि सरकारात घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना कुठलं खातं दिलं, माहितीये? अन्न खातं. तेही दुय्यम. का, तर बाई आहे, स्वयंपाकातलं कळत असेल.

रेशनिंगचे दिवस होते. वर्तमानपत्रवाले यायचे आणि त्यांच्या हातात तवा देऊन फोटो काढायचे. त्या एकट्या राहायच्या, युनियनच्या कॅन्टीनमध्ये जेवायच्या, ऑम्लेटही धड करता येत नसे. पण फोटो तव्याचा. पुढे पेन्शन खातं मिळालं, म्हणजे विधवा आणि म्हातारी माणसं. मग काही दिवस शिक्षण, म्हणजे मुलं. अर्थखात्यात त्यांना कधी कुणी पाऊल ठेवू दिलं नाही. त्यांच्याकडून आकडे घेऊन भाषणं करणारे मात्र तिथे जाऊन बसले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात संसदेच्या कामकाजाचे जाडजूड खंड होते, धुळीने शिंका यायच्या, आणि मी एकेक भाषण वाचताना रागाने पेन्सिलची टोकं मोडायची.

शेवट तर काय सांगावा! पक्षाचा एक बडा नेता निवडणुकीत आपटला. त्याला संसदेत आणायचं तर एक खात्रीची जागा हवी. खात्रीच्या जागा कितीतरी पुरुषांकडेही होत्या, पण पक्षाची नजर गेली ती बाईंच्या मतदारसंघावर. पक्षातली तीन माणसं त्यांच्या घरी गेली आणि पक्षाच्या हितासाठी जागा सोडा म्हणाली. मोबदल्यात वरिष्ठ सभागृहात नेमणूक, झगा, किताब, सन्मान. आणि बाईंनी जागा सोडली! मी तेवीस-चोवीस वर्षांची होते. जी बाई एका स्टुलासाठी मालकाशी भांडली, तिने हे मान्य कसं केलं, हे मला कळेना. तो झगा तिने त्यांच्या तोंडावर का नाही फेकला? माझा प्रबंध त्याच प्रकरणावर अडकला. मग माझं लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे मी न्यू जर्सीला आले. ते प्रकरण राहिलं ते राहिलंच.

इथल्या आमच्या उपनगराचंही नाव सांगत नाही, कारण मला इथेच राहायचंय. वेस्ट विंडसरपासून फार लांब नाही एवढं पुरे. सुरुवातीची कितीतरी वर्षं माझा व्हिसा डिपेंडंट होता, म्हणजे काम करायला बंदी. राज्यशास्त्र शिकलेली बाई मी, घरात बसून वरण-भात आणि केबल टीव्ही. ग्रीन कार्ड आल्यावर शाळेच्या कॅफेटेरियात लागले, मग शाळेच्या लायब्ररीत. पुढे नागरिकत्वही मिळालं. आणि संध्याकाळी मी गावाच्या स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जायला लागले. शाळांचा पैसा कुठे जाणार, कुठली सोय राहणार, कुठली बंद होणार, हे सगळं तिथे ठरतं. सात माणसं वर टेबलापाशी बसतात, लोक खाली खुर्च्यांवर. खाली बहुतेक वेळा मी, एक निवृत्त गोरे गृहस्थ आणि स्थानिक पेपरची पेंगणारी वार्ताहर. माझी मुलगी शाळा संपवून गेली, कॉलेज संपवून ॲन आर्बरला संशोधनाला लागली, तरी मी जातच राहिले. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका म्हणायच्या, "अगं, तुला दुसरा काही टाइमपास नाही का?"

तर एका मीटिंगमध्ये विषय निघाला उशिराच्या बसचा. शाळा सुटल्यावर जी मुलं क्लबसाठी, वाद्यवृंदासाठी, खेळासाठी थांबतात त्यांना संध्याकाळी घरी सोडणारी ही बस. बोर्डाला ती बंद करायची होती. आमच्यासारख्या दोन गाड्यांवाल्या घरांना काय फरक पडतो? पण हायवेच्या पलीकडे अपार्टमेंट्स आहेत. तिथे नुकती आलेली कुटुंबं राहतात, एकच गाडी, ती नवरा ऑफिसला घेऊन गेलेला. तिथलीच एक नागपूरची मुलगी मला काकू म्हणते. तिची लेक शाळेच्या रोबोटिक्स क्लबमध्ये. आईच्या व्हिसाची मुदतवाढ अडकली की तिचं ड्रायव्हिंग लायसन्सही अडकतं. त्या हायवेला फूटपाथ नाही. ती मला म्हणाली, "काकू, बस बंद झाली तर पोरीचा क्लब बंदच करावा लागंल. ती आत्तापासूनच रडून राहिली." मी म्हटलं, तू मीटिंगला येऊन बोल. ती म्हणाली, "मी काय बोलू? माझं तर व्होटपण नाही इथं."

हीच तर गोम आहे. ज्यांच्याकडे मत आहे त्यांना बस नको, आणि ज्यांना बस हवी त्यांच्याकडे मत नाही. मी उठून तीन मिनिटं बोलले. तीन मिनिटांनी लाल दिवा लागतो. बोर्डाचे अध्यक्ष हसून म्हणाले, "थँक यू फॉर शेअरिंग." घरी येईपर्यंत माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. बोर्डावरची एक जागा त्या नोव्हेंबरमध्ये रिकामी होणार होती. मी नवऱ्याला सांगितलं, मी उभी राहतेय. तो टीव्हीवर क्रिकेट बघत होता. म्हणाला, "राहा की." मला वाटलं, झालं, घरचा प्रश्न मिटला.

उन्हाळ्यात मी इंडियन ग्रोसरीच्या दारात उभी राहून उमेदवारीसाठी लागणाऱ्या सह्या गोळा केल्या. अर्ज भरला. आणि आठवड्याभरात कळलं की त्याच जागेसाठी आणखी एका मराठी माणसाने अर्ज भरलाय. हे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून इथे आले, मोठ्या कंपनीत डायरेक्टर. माणूस सभ्य आहे, मला ताई म्हणतो, भेटला की वाकून नमस्कार करतो. बोर्डाच्या एकाही मीटिंगला तो कधी आला नव्हता. त्याचा मुद्दा एकच, आपल्या मुलांना अल्जिब्रा एक वर्ष आधी शिकवायला हवं. उशिराची बस हा शब्द त्याने माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. पण लोकशाही आहे. तो उभा राहिला, मी उभी राहिले, तिसरी एक बाई होतीच, ती बस बंद करण्याच्या बाजूची. लोक ठरवतील, असं मी म्हटलं.

लोक ठरवतील! मी भोळीच. आमच्या महाराष्ट्र मंडळात स्थापनेपासून एकदाही निवडणूक झालेली नाही, हे मी विसरले. सगळं बिनविरोध. वर्ष संपत आलं की सगळे माजी अध्यक्ष कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमतात, मिसळ होते, आणि कोण काय होणार ते मिसळीबरोबर ठरतं. दोन माणसांना एकच पद हवं असलं तर एकाची समजूत घालतात आणि पुढच्या कार्यक्रमात त्याला शाल आणि नारळ देतात. बायकांना द्यायची पदं ठरलेली: सांस्कृतिक समिती आणि भोजन समिती. मी दोनदा भोजन समितीची प्रमुख होते. चारशे माणसांना श्रीखंड किती लागतं ते मला झोपेतून उठवून विचारा. त्या काळी ती समिती स्वीकारताना मला माझ्या प्रबंधातलं अन्न खातं आठवलं होतं, आणि मी हसले होते. हसायचं काय होतं त्यात, कोण जाणे.

तर या माणसांनी काय केलं, अमेरिकेतल्या एका गावाची सार्वजनिक निवडणूक आमच्या मंडळाच्या पद्धतीने बेसमेंटमध्ये निकालात काढली. दोन मराठी माणसं एका जागेला उभी राहतात म्हणजे भांडण, आणि भांडण घरातल्या घरात मिटवायला हवं. हिशोब असा की आपली मतं फुटतील आणि तिसरी निवडून येईल. एकाने माघार घ्यायची. कुणी, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. आणि मला बोलवायचीही नाही. बेसमेंटमध्ये बोलावलं माझ्या नवऱ्याला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो त्या रविवारी गणपतीच्या साउंड सिस्टिमचं बोलायला जातो म्हणून गेला आणि मिसळीच्या तर्रीचा डाग शर्टावर घेऊन परत आला. मी विचारलं, काय ठरलं? म्हणाला, "काही नाही गं. सगळे तुझं फार कौतुक करत होते." मी शर्ट साबणाच्या पाण्यात भिजत टाकला.

पुढच्या शनिवारी मंडळाची मंगळागौर होती, शाळेच्या कॅफेटेरियात. सोमवारी उमेदवारी मागे घ्यायची शेवटची मुदत होती, पण ते माझ्या डोक्यातही नव्हतं. मी मटकीची उसळ करून नेली होती. नव्या लग्नाच्या मुली नऊवारी नेसून आलेल्या, झिम्मा, फुगड्या, मधेच कुणाचं तरी बाळ रांगत मध्ये यायचं. नागपूरची ती मुलगीही लेकीला घेऊन आली होती. फुगड्या थांबल्या आणि मंडळाचे अध्यक्ष माइक घेऊन पुढे आले. मागच्या पडद्यावर स्लाइड लागली. स्लाइडवर माझा फोटो. पिकनिकचा, मी डाव घेऊन भात वाढतेय असा. खाली मोठ्या अक्षरात 'त्याग'.

मी आधी समजले, कुणाची तरी चेष्टा आहे. अध्यक्ष म्हणाले, "आज आपण एका अशा व्यक्तीला फेलिसिटेट करतोय, जिने कम्युनिटीसाठी स्वतःची कँडिडसी सॅक्रिफाइस केली. आपलं व्होट स्प्लिट होऊ नये म्हणून वहिनींनी माघार घेतली. एवढा मोठेपणा आजकाल कोण दाखवतं?" टाळ्या सुरू झाल्या. दोन बायका मला हाताला धरून पुढे घेऊन गेल्या. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. समोर शंभर-दीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि अल्जिब्रावाले गृहस्थ पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. खरंच पुसत होते. त्यांनाही वाटलं असणार की मी हे केलंय.

त्या क्षणी मला त्या बाई कळल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, नाही म्हणायला काय लागतं? पण तुमच्यावर अन्याय करून कुणी तुमचाच सत्कार करतं तेव्हा नाही म्हणणारा माणूस कृतघ्न दिसतो. शाल गरम असते. लोक प्रेमाने बघत असतात. गप्प राहिलं तर संध्याकाळ किती छान पार पडेल! मी गर्दीत नवऱ्याला शोधलं. तो मागच्या टेबलापाशी उभा होता आणि हातातल्या प्लेटमधल्या उसळीकडे बघत होता. वर बघेना. मग मला बेसमेंट समजलं, तर्रीचा डाग समजला, सगळं समजलं.

आणि दुसरीही एक गोष्ट समजली. लग्न झालं होतं का तिचं? नव्हतं. म्हणून त्या तीन माणसांना टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभं राहावं लागलं, तिच्या तोंडावर सांगावं लागलं की बाई, जागा सोडा. तिला निदान विचारलं तरी! माझ्या बाबतीत तेवढाही त्रास कुणाला झाला नाही. नवरा होता ना, त्याला विचारलं, काम झालं.

मी माइक घेतला. म्हटलं, "मी माघार घेतलेली नाही."

निवेदन करणारी पोरगी खिदळून म्हणाली, "काकूंचा सेन्स ऑफ ह्युमर म्हणजे ना!" आणि सगळे हसले. मनापासून हसले. मी पुन्हा म्हटलं, जरा जोरात, "मला कुणी विचारलेलं नाही. मी माघार घेतलेली नाही आणि घेणार नाही. ती स्लाइड काढा." आता हसणं थांबलं. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "वहिनी, नंतर बोलू ना आपण. लहान मुलं आहेत इथे." जणू मी शिव्या देत होते! मग कुणीतरी घाईघाईने गाणं लावलं, मुलींनी फेर धरला, आणि मी शाल-नारळासकट त्या फेराच्या मधोमध उभी. नागपूरची मुलगी तेवढी पुढे आली आणि तिने माझ्या हातातला नारळ काढून घेतला, जड होता म्हणून.

गाडीत मी बोलायला लागले ते घर येईपर्यंत थांबले नाही.

"मी हो म्हटलंच नव्हतं," नवरा म्हणाला. "मी फक्त म्हटलं, माझी काही हरकत नाही."

"कशाला हरकत नाही?"

"म्हणजे... तू जे ठरवशील त्याला."

"मग हे मला विचारायला का नाही सांगितलंस त्यांना? अरे, एवढं एक वाक्य! तिला विचारा. जीभ झडली असती का?"

"अगं, दहा जण होते. सगळे तुझं चांगलंच बोलत होते. मला वाटलं, तुला सांगायची योग्य वेळ बघू."

आमच्या मुलीला फोन लावला होता, ती स्पीकरवर ऐकत होती. ती म्हणाली, "वेट. दे आस्क्ड बाबा? बाबा इज नॉट इव्हन रनिंग!" नवरा गाडी चालवत राहिला. गेली तीस वर्षं हा माणूस कुणाशी भांडलेला नाही, याचं मला कौतुकच वाटायचं. त्या दिवशी कळलं की तो भांडत नाही त्याची किंमत दर वेळी कुणीतरी दुसरं देत असतं.

रविवारी सकाळी अध्यक्ष पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. सोफ्यावर बसून नवऱ्याकडे बघत मला म्हणाले, "वहिनी, इमोशनल होऊ नका. प्रॅक्टिकल विचार करा."

मी म्हटलं, "प्रॅक्टिकलच बोलू. माघार त्यांना का नाही घ्यायला सांगितलीत?"

"ते यंग आहेत, त्यांना पुढे स्कोप आहे. सिटी काउन्सिल, स्टेट असेंब्ली... आपल्याला कुणीतरी वर जायला हवं ना? आणि त्यांचे लॉन साइन्स छापून झालेत."

"माझ्याही नावाच्या पाट्या छापून झाल्यात. गॅरेजमध्ये आहेत, दाखवू?"

"तुमची तर या वयात धावपळच होईल. आम्ही असा विचार केलाय की तुम्हाला मंडळाच्या मार्गदर्शक मंडळावर घ्यावं. कायमस्वरूपी. मानाचं पद आहे."

वरिष्ठ सभागृह! अगदी तेच. समुद्र ओलांडला, इतकी वर्षं गेली, साहेबाच्या संसदेतून माणसं आमच्या सोफ्यावर आली, पण बाईच्या तोंडाला पानं पुसायची रीत तीच. मी बॉक्स उचलून त्यांच्या हातात परत दिला. पेढे परत करणं आमच्यात फार वाईट दिसतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच केले. नवरा त्यांना दारापर्यंत सोडायला गेला आणि तिथे बराच वेळ हळू आवाजात माफी मागत राहिला, तेही मी ऐकलं.

सोमवार गेला. माझं नाव राहिलं. त्यानंतरचे तीन महिने मी एकटीने दारोदार फिरले. गोऱ्या, काळ्या, चिनी, गुजराती, कोरियन, सगळ्यांच्या दारात गेले आणि बसबद्दल बोलले. कितीतरी जणांना ती बस आहे हेच माहीत नव्हतं. मराठी घरांमध्ये मात्र चहा मिळायचा, लाडू मिळायचे, आणि निघताना कुणीतरी म्हणायचं, "पण तुम्ही तर माघार घेतली होती ना?"

मी हरले. तेही हरले. तिसरी बाई थोडक्यात निवडून आली आणि उन्हाळ्याच्या आत उशिराची बस बंद झाली.

पुढचं ऐका. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी निवडताना, दिवाळीच्या फराळाला, देवळाच्या पार्किंगमध्ये, एकच वाक्य: "तरी आम्ही सांगत होतो." मतं फुटली माझ्यामुळे. आपला माणूस पडला माझ्यामुळे. बस बंद पडली तीही माझ्यामुळेच, आणि हे मला ते लोक सांगत होते ज्यांनी आयुष्यात ती बस बघितली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. अहो, निकाल गावाच्या वेबसाइटवर आहे, कुणीही उघडून बघावा. मला त्या गृहस्थांपेक्षा जास्त मतं आहेत! तुमच्याच हिशोबाने बघा. एकाने माघार घेतली असती तर जागा आली असती ना? मग माघार कुणी घ्यायला हवी होती? हा प्रश्न मी अध्यक्षांना विचारला, त्या गृहस्थांना विचारला, भोजन समितीतल्या मैत्रिणींना विचारला. गृहस्थ प्रामाणिकपणे बुचकळ्यात पडले. म्हणाले, "ताई, या अँगलने मी कधी विचारच केला नव्हता." बाकीच्यांनी विषय बदलला.

आणि माझ्या प्रबंधातल्या त्या बाई गेल्या तेव्हा वर्तमानपत्रात काय आलं होतं, तेही सांगते. मी कात्रण वाचलंय. पक्षासाठी त्यांनी आनंदाने जागा सोडली, असं आलं होतं. 'आनंदाने' हा शब्द कुणी घातला? त्यांना कुणी विचारलं होतं, आनंद झाला का म्हणून? मी अर्धवट राहिलेलं ते प्रकरण आता लिहायला घेतलंय. कुठलं विद्यापीठ पीएच.डी. देणार नाही त्यावर, मला नकोही आहे. पण त्या शब्दाची विल्हेवाट लावल्याशिवाय मी मरणार नाही.

शाल मी ग्रोसरीच्या पिशव्या सरकू नयेत म्हणून गाडीच्या डिकीत अंथरलीय. नारळाची त्याच आठवड्यात चटणी झाली. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी हायवेपलीकडच्या चार मुली माझ्या गाडीत असतात. रोबोटिक्सच्या दोन, व्हायोलिनची एक, आणि एक नाटकातली, जिचं तोंड बंद होत नाही. चारच मावतात. बाकीच्यांनी क्लब सोडले.

या वर्षी बोर्डाची आणखी एक जागा रिकामी होतेय. परवा संध्याकाळी, मी निघायच्या तयारीत असताना, नवऱ्याचा फोन वाजला. अध्यक्षांचा होता. तो भांडी पुसत होता म्हणून त्याने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. अध्यक्ष म्हणाले की एक फार चांगला कँडिडेट तयार झालाय, यंग आहे, आणि वहिनींच्या मनात या वर्षी काही नाही ना, एवढं फक्त कन्फर्म करायचंय.

नवऱ्याने फडकं खाली ठेवलं. त्याचा चेहरा बेसमेंटमध्ये कसा झाला असेल तसाच झाला होता. मग तो म्हणाला, "तिला विचारा. ती इथेच उभी आहे."

मी पुढे झाले. म्हटलं, "बोला."

अध्यक्ष म्हणाले, "नाही, नको... राहू दे मग. नंतर करतो फोन." आणि फोन बंद झाला.

मी नवऱ्याकडे बघितलं आणि गाडीची किल्ली घेतली. क्लब सुटायची वेळ झाली होती.